विभाग चार

हांबुर्गमध्ये सकाळपासून पाऊस आहे,
नेहमीसारखाच, कुणी न मागितलेला,
आणि माझ्या तळहातावर तफ्तचं अंगण:
विभाग एक, डाळिंबं.
विभाग दोन, अंजीर आणि त्याखालचा पुदिना.
विभाग तीन, काकड्या.
विभाग चार, भिंतीलगतची एकटी जाई.

नवरोजच्या सुट्टीत बसवलं मी हे.
गुडघ्यांवर रांगत काळ्या नळ्या अंथरल्या,
वीतभर अंतरावर एकेक ठिबक,
मातीत ओलावा मोजणाऱ्या चार सुया,
आणि टाकीशेजारी एक पांढरी डबी,
जी आकाशाचा अंदाज वाचते,
वारा, ऊन, पानांवाटे उडून जाणारं पाणी,
आणि ठरवते कुणाला किती.
बाबा खुर्ची टाकून बघत बसले होते.
म्हणाले, "म्हणजे पाटकरी आणलास."

आजोबा पाटकरी होते.
डोंगराखालून येणाऱ्या भुयारी पाटाच्या तोंडाशी
रात्रभर उकिडवे बसायचे,
तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडून.
वाटी बुडाली की एक वाटा संपला.
खडा इकडचा तिकडे.
त्या वाटीपायी सोयरिकी मोडल्या,
दोन चुलतभावांनी अकरा वर्षं अबोला धरला,
आणि माझ्या आत्याला लग्नात
दोन गालिचे आणि अर्धी वाटी पाणी मिळालं.
"हा तुझा पाटकरी भांडतो का कुणाशी?"
नाही, बाबा.
"मग त्याचं ऐकेल कोण?"

भांडला तो बाबांशीच.
पहाटे चारला व्हॉल्व्ह टक् करायचा
त्याच्या आधी बाबा अंगणात, मफलर गुंडाळून, चूक पकडायला.
एप्रिलमध्ये सापडली.
अंदाज म्हणाला: पाऊस, चाळीस टक्के.
डबीनं पाणी राखून ठेवलं.
तफ्तमध्ये चाळीस टक्के म्हणजे
"एकदा या जेवायला" म्हणणारा शेजारी.
काकड्यांनी माना टाकल्या.
बाबा ओरडले नाहीत. फोनवर एवढंच:
"त्याला सांग, ढग म्हणजे पुरावा नव्हे."
मी आकडा बदलला.
ऐंशीच्या खालच्या पावसावर आता आमचा विश्वास नाही.

मग मेच्या अखेरीस विभाग चारनं पाणी घेणंच सोडलं.
गरज नाही. माती ओली.
एकोणीस दिवस हेच.
बाकीचं अंगण घसा कोरडा करून पहाटेची वाट बघतंय
आणि ही जाई तृप्त.
मला वाटलं, सुई बिघडली. किंवा गळती.
आलेख उघडला:
रोज रात्री अकराच्या आसपास रेघ ताडकन वर,
मग सकाळपर्यंत हळूहळू खाली, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
बाजूला निळा थेंब आणि डबीची प्रामाणिक नोंद:
पाऊस, तीन मिलिमीटर.
रोज. एका जाईपुरता.

अकरा ही आईची वेळ.
पेले विसळून झाले की समोवारच्या तळाचं उरलेलं पाणी
ती जाईच्या बुंध्याशी ओतायची,
त्या दिवशी कुणाकुणाचा राग आला ते तिला सांगत.
आई जाऊन तीन हिवाळे झाले.
बाबांनी आयुष्यात एक पेला विसळल्याचं मला आठवत नाही.

विचारलं, "चौथी सुई बदलू का, बाबा?
उगाचच ओलं दाखवतेय."
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग, "राहू दे. त्या भिंतीला ओल असते."

तफ्तच्या भिंतीला. जूनमध्ये.

पडद्यावर एक बटण आहे: नोंद चुकीची असल्यास कळवा.
त्याच्यावर अंगठा ठेवून मी थोडा वेळ बसले,
मग चहा केला.
आता परत बघते तर डबीनं उद्याचं मांडून ठेवलंय:
तफ्त, एकोणचाळीस अंश, आकाश निरभ्र.
विभाग चार: रात्री अकरा, पाऊस,
सत्त्याण्णव टक्के.